सवत घेऊन ताईकडे

वहिनींनी आपल्या सवतीला पहिल्यांदा पाहिलं ते बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी. तिला एक प्रदक्षिणा घालून झाल्यावर त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "अहो, ही तर आपल्या बेडरूमपेक्षा मोठी आहे."

नवऱ्याला सगळे सीटवाले म्हणत. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्यांच्या सीटा शिवल्या. फोम कापायचा, रेक्झिन ताणायचं, दोऱ्याचं टोक दातानं तोडायचं आणि चकचकीत गाडी तिच्या मालकाबरोबर निघून जाताना फुटपाथवरून बघत राहायचं. मुलगा परदेशी मार्गी लागला, दुकान विकलं, तेव्हा सीटवाल्यांनी जन्माची हौस एकदाच फेडून घेतली. इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतली, तीही राजेशाही. वर काचेचं छप्पर, पाठ चेपून देणारी सीट, आणि दाराची मूठ आत दडलेली. मालक जवळ गेला की मूठ आपण होऊन बाहेर येई, जणू गाडीच हस्तांदोलनाला हात पुढे करत होती. गाडी सेकंडहँड होती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. वहिनींनी सगळ्यांना सांगितलं.

सवत हे नाव उगाच पडलं नव्हतं. सीटवाले सकाळी उठले की आधी खाली जाऊन हिला पुसत, मग वर येऊन बायकोला चहा मागत. काचांना वेगळं फडकं, चाकांना वेगळा ब्रश, आतल्या कातड्याला सुगंधी क्रीम. वहिनींच्या टाचांच्या भेगांना घरातलं तेल होतंच. पावसात गाडी बाहेर काढायची नाही, चिखल उडतो. उन्हात नाही, रंग विटतो. आणि हवा छान असली तर किडे काचेला चिकटतात. थोडक्यात, ही गाडी चालवण्याजोगा ऋतू देवानं अजून घडवलेला नव्हता.

या सगळ्यात अडकून पडली होती ताई, वहिनींची थोरली बहीण. ती घाटापलीकडच्या गावात राहायची. "आता दारात गाडी आहे, आपल्याच गाडीनं जाऊ," असं सीटवाले दोन वर्षं म्हणत होते. अशातच ताई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. फोनवर ती म्हणाली, "धाकटे, यायचं तर मी असताना ये. नंतर आलीस तर गर्दीत मला दिसायची नाहीस." ताई असलं दर महिन्याला बोलायची. पण या वेळी आवाज बारीक होता, आणि तो बारीक आवाज वहिनींच्या कानातून जाईना.

"गुरुवारी ताईकडे जायचं," त्यांनी जाहीर केलं. "आपल्या गाडीनं."

"आणि माझा डोळा?" सीटवाले पलंगावरून म्हणाले. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसरा रांगेत. गाडी चालवायला डॉक्टरांची सक्त मनाई.

"डोळा घेऊन शेजारी बसा. मी चालवते."

आता ही बाई कोण? दुकानाचा टेम्पो फोमनं गच्च भरून सगळं शहर पालथं घालणारी. भल्याभल्या ट्रकवाल्यांनी हिला पाहून वाट दिली होती. पण सीटवाले म्हणाले, "टेम्पो वेगळा. ही वेगळी."

"खरंच वेगळी. टेम्पो जागचा हलायचा तरी."

"टॅक्सीनं जाऊन ये ना."

"दारात हत्ती झुलवायचा आणि शेजारच्याकडे गाढव मागायचं? मुळीच नाही."

बुधवारी हात बसवायला म्हणून वहिनी खाली गेल्या, कव्हर ओढून काढलं, जवळ उभ्या राहिल्या. मूठ बाहेर येईना. रिमोट दाबला, काही नाही. दारावर थाप मारली, तरी सवत ढिम्म.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर बाल्कनीतून बघत होतेच. "बॅटरी गेली! आता नवी बॅटरी म्हणजे नवी गाडी. मी सांगितलं नव्हतं?" त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं.

सीटवाले काळा चष्मा लावून, भिंत धरत खाली आले आणि आजारी माणसाजवळ उभं राहावं तसे गाडीपाशी उभे राहिले. सर्व्हिस सेंटरमधून एक मुलगी आली. रिमोटच्या पोटात लपलेली किल्ली काढून तिनं दार उघडलं, आत वाकून पाहिलं.

"मोठी बॅटरी मस्त भरलेली आहे," ती म्हणाली. "मेलीय ती छोटी, दारं उघडणारी. काका, तुम्ही मोबाइलवर गाडी सारखी बघता का?"

सीटवाले बॉनेटवरची नसलेली धूळ पुसू लागले. वहिनींनी कमरेवर हात ठेवले.

ऑपरेशन झाल्यापासून या माणसाला पलंगावर दुसरा उद्योग नव्हता. बऱ्या डोळ्यासमोर मोबाइल धरायचा आणि बघायचं: चार्ज किती, दारं बंद आहेत ना, आत उकडत तर नाही ना? दर वेळी खाली झोपलेली गाडी दचकून उठायची आणि जबाब द्यायची, आणि हे सगळं त्या बिचाऱ्या छोट्या बॅटरीच्या जिवावर. झोपलेल्याला गदागदा हलवून "झोप लागली का?" असं विचारण्यातलाच प्रकार.

"काका, तिला झोपू तरी द्या," नवी छोटी बॅटरी बसवून मुलगी म्हणाली, "नाहीतर चालवा तरी."

"मग गुरुवारचं राहू दे," सीटवाले लगेच म्हणाले. "जरा सावरू दे तिला."

वहिनींनी वाद घातला नाही. वर जाऊन त्यांनी नवऱ्याचा मोबाइल आपल्या पर्समध्ये टाकला आणि बॅग भरायला घेतली. "आलात तर बरोबर. नाही आलात तर दोन दिवसांचं जेवण फ्रीजमध्ये आहे."

गुरुवारी सीटवाले शेजारच्या सीटवर होते.

"वहिनी, घाटात बसेल हं ती!" वरून मॅनेजर ओरडले.

"बसली तर ढकलायला तुम्हालाच बोलावते, भावजी!"

पहिला काही वेळ वहिनींचा डावा पाय क्लच शोधत होता. मग पाय उचलला की गाडी आपण होऊन मंदावते, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्या सैलावल्या. शहर संपलं, हायवेचा लांबलचक टप्पाही संपला, चढ सुरू झाला, आणि समोरच्या पडद्यावरचा चार्जचा आकडा उन्हातल्या बर्फासारखा वितळू लागला.

"किती?" सीटवाल्यांनी विचारलं. काळ्या चष्म्याआडून त्यांना आकडा दिसत नव्हता.

"एकसष्ट," वहिनी म्हणाल्या. होते चव्वेचाळीस.

दोन वळणांनंतर पुन्हा, "किती?"

"एकसष्ट."

"मघाशीपण एकसष्टच होते."

"तब्येत स्थिर आहे."

पुढे मालट्रक कण्हत चालला होता, डावीकडे दरी. चार्ज वाचावा म्हणून वहिनींनी एसी गुपचूप बंद केला. परत फिरायचं तर आत्ताच फिरायला हवं होतं, पुढे वळायला जागा नव्हती. त्यांनी ताईचा तो बारीक आवाज आठवला, दात आवळले आणि ट्रकला मागे टाकलं. सीटवाल्यांनी डोळे मिटले, ऑपरेशनचा आणि बिनऑपरेशनचा, दोन्ही.

माथ्यावर आकडा एकतीस होता. उतार लागला, वहिनींनी पाय उचलला, आणि गाडी स्वतःला आवरत, त्याच जोरावर बॅटरी भरत, हलकं गुणगुणत उतरू लागली. बत्तीस. तेहतीस. पुढच्या वळणाला चौतीस.

"अहो, चौतीस! वाढतायत!"

"एकसष्टाचे चौतीस, आणि वाढतायत?"

"घाटात हिशेब वेगळा असतो."

सीटवाले खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "ट्रक बरा काढलास."

ताई खिडकीजवळच्या खाटेवर होती. वहिनींना पाहून तिनं आधी भांडण काढलं, दोन वर्षांचं, एका दमात. मग तोंड फिरवून रडली. मग म्हणाली, "वाळलीस किती गं." ते साफ खोटं होतं.

बाहेर सीटवाल्यांनी खिडकीतून वायर घेऊन स्वयंपाकघराच्या प्लगला गाडी जोडली. आत येऊन म्हणाले, "साध्या प्लगवर वेळ लागतो. परतीपुरती भरायला उद्याची संध्याकाळ होईल." गावाच्या तोंडाशीच झटपट चार्जिंगचा खांब होता. वहिनी त्याच्यासमोरूनच आल्या होत्या, पण त्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

"उद्याच?" ताईनं विचारलं. तोच बारीक आवाज.

वहिनी उठल्या, "बॅग राहिली," म्हणून बाहेर गेल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. पडद्यावर बोटानं शोधत शोधत त्यांनी चार्जिंगचा प्रवाह कमी करायची जागा गाठली आणि तो जितका उतरवता येईल तितका उतरवला.

दुपारी सीटवाले गाडीशी जाऊन, पडद्याला नाक लावून परत आले. "अगं, ही भरता भरेना. अशानं रविवार उजाडेल."

"इथली वीज म्हातारी आहे, भावजी," खाटेवरून ताई म्हणाली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण बहीणच ती.

वहिनींनी दाराशी काढलेलं पायताण कोपऱ्यात सारलं आणि ताईच्या केसांत तेल घालायला बसल्या.