स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर

कॉम्प्युटर घरात येऊन दोन महिने झाले, पण किस्से एवढे साचलेत की माहेरी फोन लावला तर आई आधी माझी तब्येत नाही, कॉम्प्युटरची विचारते.

लेकीच्या, ओवीच्या शाळाप्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन होता, शनिवारपर्यंतच. सायबर कॅफेवाल्याने एकदा तिची जन्मतारीख चुकवली होती, म्हणून मी अडून बसले की फॉर्म घरीच भरायचा. मग यांनी खमरियाच्या आपल्या फॅक्टरीतल्याच एकाचा जुना कॉम्प्युटरचा डबा आणला.

त्यात लिनक्स टाकलं यांच्या शिफ्टमधल्या वानखेडे भाऊजींनी. म्हणाले, "वहिनी, याच्यात व्हायरस येतच नाही."

ओवीला बारा महिने सर्दी. मी त्याच दिवशी तिची खुर्ची कॉम्प्युटरला चिकटवून ठेवली.

*

नेट काही लागेना. भाऊजींनी फोनवर विचारलं, नेटवर्क कार्ड आहे का बघा. मी कागदपत्रांची पिशवी पलंगावर उलटी केली. राशन कार्ड, आधार, ओवीचं लसीचं कार्ड, सगळं होतं.

"भाऊजी, नेटवर्कचं आम्ही बनवलंच नाही. कोणत्या ऑफिसात बनते?"

भाऊजी म्हणाले, ते डब्याच्या आत असते.

सासूबाई यांच्यावरच उखडल्या. "कार्ड डब्यात काहून ठेवलं रे? पिशवी कशासाठी शिवून दिली होती?"

*

कार्ड आत होतं, पण त्याचा ड्रायव्हर नव्हता. भाऊजी म्हणाले, ड्रायव्हर नेटवरून उतरवा. हे म्हणाले, नेटच तर नाही. भाऊजी म्हणाले, नेटसाठी ड्रायव्हर लागेल. हे डोकं धरून बसले.

मी सातवी शिकलेली, पण मला लगेच समजलं. राशन कार्डासाठी निवासाचा दाखला मागतात आणि दाखल्यासाठी राशन कार्ड. त्यात माझ्या सात चकरा झाल्या होत्या.

मी फोन हातात घेतला. "भाऊजी, दुसऱ्या खिडकीतून नाही होत का?"

"होते ना. पेन ड्राइव्हवर आणून देतो."

*

ड्रायव्हर आला, नेट लागलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा नेट बंद, कॉम्प्युटरला कार्डच दिसेना! फॉर्मला एकच दिवस उरला होता. संध्याकाळी भाऊजी आले. डबा उघडायच्या आधी मी घराचा मेन बंद केला, ओवीला पलंगावर चढवलं. त्यांनी बॅटरीच्या उजेडात कार्ड उपसलं, त्याची सोनेरी पट्टी काळी पडली होती.

"वहिनी, खोडरबर आहे?"

ओवीने आपलं स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर दिलं. भाऊजींनी पट्टी घासली, कार्ड परत बसवलं, मी मेन चालू केला. वायरीजवळचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. सासूबाईंनी हळूच विचारलं, "काय चुकीचं लिहिलं होतं त्याच्यावर?"

फॉर्म भरला. जन्मतारीख मी अकरा वेळा तपासली.

*

मग शाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. तीन आठवडे मी ओवीकडून रंग, भाज्या, प्राणी घोकून घेतले होते. मॅडमच्या टेबलावर एक टोपली होती. त्यांनी एक-एक वस्तू दाखवली. कंगवा, चमचा, कुलूप, ओवीने सगळं बरोबर सांगितलं. माझ्या जिवात जीव आला.

शेवटी मॅडमनी खोडरबर उचललं. "बेटा, इससे क्या करते हैं?"

"इंटरनेट चलाते हैं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. हे छताच्या पंख्याकडे पाहून राहिले.

"बच्ची को यह किसने बताया?"

मीच पुढे झाले. म्हणाले, "बताया किसी ने नहीं, मॅडमजी. आपका फॉर्म इसी से भरा है."