एकशे आठाला कमी पडणाऱ्या वाती

आमचं मांजर तेरा वर्षांचं होतं. पांढरं, अंगानं जड, आयुष्यात कधी आजारी न पडलेलं. दोन हजार सालाच्या मागंपुढं, एका श्रावणात ते ओकायला लागलं. आठवड्यातून एकदा, मग तीनदा, मग रोज.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. सुटे भाग मोजायचे, मापात न बसणारे बाजूला काढायचे, हे माझं काम. घरी मांजरासाठीही वही केली. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती ओकलं, शी पातळ की घट्ट. दर रविवारी त्याला कापडी पिशवीत घालून ताणकाट्याला अडकवायचो. पहिलं वजन भरलं चार किलो दोनशे.

"माझ्या बाळंतपणात एवढ्या नोंदी केल्या असत्यात तर!" बायको म्हणाली.

त्याच चातुर्मासात आईनं रोज एकशे आठ फुलवाती करायचा नेम धरला होता. कापसाच्या फुलवाती वळायच्या, पातळ केलेल्या तुपात बुडवायच्या आणि ताटात थिजायला ठेवायच्या, देवघराखाली जमिनीवर. सकाळी मोजून डब्यात. त्रिपुरी पौर्णिमेला सगळ्या वाती पंचवटीतल्या देवळात द्यायच्या होत्या. पण सकाळी मोजताना कधी एकशे पाच भरत, कधी एकशे चार.

"अरे, काल मी पुऱ्या एकशे आठ केल्या होत्या."

"आई, तुला मोतीबिंदू आहे. मोजताना चुकतेस तू."

"डोळे गेलेत, बोटं नाही गेली. माळ घेऊन बसते मी. एक वात, एक मणी."

मी हसलो. ती कमी पडलेल्या तीन-चार वाती पुन्हा वळायची.

मांजराला पहिल्यांदा दाखवलं ते डॉक्टर जन्मभर गाई-म्हशींत वावरलेले. त्यांनी जंताचं औषध दिलं. दुसऱ्यांनी दूध बंद करायला सांगितलं. पंधरा दिवस दूध बंद ठेवलं, वहीतल्या ओकाऱ्या तेवढ्याच राहिल्या. मग यकृताचं टॉनिक झालं. नवरात्रात वजन दोन किलो नऊशेवर आलं आणि मी गंगापूर रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी बराच वेळ दोन बोटांनी पोट चाचपलं. मांजर हूं की चूं न करता पडून होतं.

"इथं गाठ लागतेय. घरात दोरा, लोकर, कापूस, असलं काही खातं का?"

"नाही."

"नक्की?"

"मॅडम, त्याच्या पोटात काय जातं त्याची वही आहे माझ्याकडे." मी वही टेबलावर ठेवली.

त्यांनी पानं उलटली. एका ठिकाणी थांबल्या. "ओकारीत पांढरे तंतू, तीनदा?"

"केस. त्याचेच."

एक्स-रेमध्ये फुगलेलं आतडं दिसलं, बाकी काही नाही. कापूस एक्स-रेत उमटत नाही, हे मला फार नंतर कळलं. बाई म्हणाल्या, "खाल्लेलं काही अडकलं असतं तर आजच पोट उघडलं असतं. पण तुम्ही नाही म्हणता. मग या वयात ही गाठ बहुतेक कॅन्सरची. त्यासाठी एवढ्या वजनावर भूल द्यायला मी धजणार नाही."

म्हणजे ठरवलं मीच. तेव्हा मात्र मला वाटलं, अखेर निदान झालं. मी ते वहीत लिहिलंसुद्धा.

कोजागिरीच्या आधी दोन दिवस मांजर देवघराखाली मेलं. मागच्या पेरूखाली खड्डा खणला. वहीत शेवटची नोंद केली, वजनासकट.

चौथ्या दिवशी सकाळी आई ताट पुढ्यात घेऊन हाका मारायला लागली. "बघ रे, आज एकशे आठ. काल एकशे आठ. परवाही. मोतीबिंदू आपोआप बरा झाला की काय माझा?"

बायको हसली. मी ताटातली एक वात उचलली. साजूक तुपाचा वास. बोटांनी ती उकलली तेव्हा लांब, पांढरे, तुपकट तंतू हाताला चिकटले. तसेच तंतू मी तीनदा फडक्यानं पुसून वहीत 'केस' म्हणून लिहिले होते. मांजराचा केस आणि कापसाचा तंतू ओळखू न येणारा माणूस कारखान्यात शतांश मिलिमीटरवरून माल नापास करत होता.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नाही. बरोबर आहेत."

त्रिपुरीला डबा मीच उचलून पंचवटीत नेला. पायऱ्या चढताना आईनं माझा दंड धरला होता. "एकही कमी नाही," ती गुरुजींना म्हणाली आणि माझ्याकडे बघून, "हा म्हणायचा, मला मोजता येत नाही."

मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल म्हणून, असं मी बायकोला सांगितलं. ते खरं नव्हतं. सांगायला गेलो असतो तर आधी हे कबूल करावं लागलं असतं, की त्या घरात नीट मोजणारी एकटी तीच होती, आणि रोज सकाळी ती मला आकडा सांगत होती.