‘गेट!’ म्हणणारा लेस्टर

लेस्टर क्विगलीबद्दल चांगलं बोलायचं तर एवढंच, की त्याचे बूट कायम चकचकीत असायचे. गुरांत राहणाऱ्या माणसाचे बूट इतके स्वच्छ कसे, हे आमच्या खोऱ्यात कुणी त्याला विचारलं नाही. त्याच्या बायकोचे, डोरीनचे, बूट बघितले की उत्तर मिळायचं.

हिवाळ्याच्या तोंडावर वरच्या डोंगरातून गुरं खाली आणायची वेळ झाली की लेस्टरची पाठ धरायची, दरवर्षी, न चुकता. मग डोरीन एकटी जायची. उभ्या घळीतून, पडलेल्या झाडांवरून, वॉम्बॅटच्या बिळांनी चाळण झालेल्या उतारावरून ती घोडी अशी सोडायची की बघणाऱ्यानं डोळेच मिटून घ्यावेत. गुरं घरी पोचली की लेस्टरची पाठ बरी व्हायची आणि तो पबमध्ये जाऊन उतारावर घोडा कसा सांभाळावा ते आम्हाला शिकवायचा. "लगाम नाही रे, मांड्या! घोड्याशी मांड्यांनी बोलायचं!" त्याच्या मांड्या बाकड्याशीच काय त्या बोलल्या असतील.

पण कॅम्पड्राफ्टला, म्हणजे घोड्यावरून गुरं वळवायच्या स्पर्धेला, मात्र घोडीवर लेस्टरच बसायचा. तिथं लोक बघतात ना.

त्या मैदानावर फाटक उघडायचं काम माझं. स्वार आधी आतल्या आवारात गुरांच्या घोळक्यात शिरतो, एक जनावर वेगळं काढतो आणि घोडा आडवा घालून त्याला परत जाऊ देत नाही. जनावर पुरतं ताब्यात आलं की तो "गेट!" म्हणून ओरडतो, मी फाटक उघडतो, आणि मग बाहेर खुंटांना वळसे घालत जिवाची शर्यत. लवकर ओरडलात तर जनावर हातचं जातं, उशीर केलात तर ते उलटून कळपात घुसतं. सगळी अक्कल त्या एका शब्दात असते. लेस्टरकडे तीच नव्हती.

डोरीन माझ्या उजव्या हाताला कुंपणाशी उभी राहायची. योग्य क्षण आला की ती हॅट काढून कपाळ पुसायची, आणि तिकडे लेस्टर छाती फुगवून ओरडायचा, "गेट!" मी तर त्याच्या ओरडण्याची वाटच बघत नसे. तिची हॅट हलली की माझा हात कडीवर. इतकी वर्षं हा आयत्या बिळावरचा नागोबा रिबिनी गळ्यात घालून फोटो काढून घेत होता आणि मी गप्प होतो, कारण डोरीनच गप्प होती.

टिली ही तिची घोडी. लग्नात माहेरून आणलेल्या घोडीची नात, त्या वंशातली शेवटची. डोरीननंच तिला वासरांमागे घालून शिकवलं. कागदावर मात्र नाव लेस्टरचं, कारण "मालक म्हणून पुरुषाचं नाव शोभतं."

त्या वर्षी सिडनीचा एक दातांचा डॉक्टर आमच्याकडे जमीन घेऊन बसला होता. त्याला घोडी हवी होती आणि तीही जिंकलेली. घोडीचे पाय बघायचे की दात, हे त्या दातवाल्याला ठाऊक नव्हतं. तो रिबन बघत होता. अंतिम फेरीच्या दुपारी तो ट्रेलर घेऊनच आला. माझ्या फाटकाला लागूनच असलेल्या चहाच्या तंबूत डोरीननं विचारलं, "हा ट्रेलर कशाला?"

"टिलीसाठी," लेस्टर तोंडात स्कोन कोंबत म्हणाला. "आज जिंकली की डॉक्टर घेऊन जाणार. नाही जिंकली तर त्याला नकोय."

"विकलीस? मला न विचारता?"

"कागद बघ. नाव कुणाचं आहे?"

डोरीननं कप खाली ठेवला आणि कुंपणाकडे निघून गेली. मला लेस्टरच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण फाटक सोडून जाता येत नव्हतं.

लेस्टर आत शिरला. एक लाल कालवड वेगळी काढली, म्हणजे टिलीनं काढली. काय काम केलं त्या घोडीनं! कालवड डावीकडे वळली की टिली आधीच डावीकडे, उजवीकडे वळली की उजवीकडे. शेवटी कालवड हबकून जागच्या जागी उभी राहिली. हाच तो क्षण. माझा हात कडीवर गेला.

डोरीनचे दोन्ही हात कुंपणावर होते. हॅट भुवयांपर्यंत ओढलेली.

लेस्टर कालवडीकडे बघतच नव्हता, तो कुंपणाकडे बघत होता. "अरे ओरड की, क्विगली! जेवायला थांबलायस का?" मागून कुणीतरी हाणलं. कालवड उलटली आणि कळपात घुसली. टिलीनं ती पुन्हा बाहेर काढली, पुन्हा उभी केली. लेस्टर घामाघूम. डोरीन हलली नाही. कालवड दुसऱ्यांदा निसटली आणि तेव्हा कुठे या गृहस्थाला कंठ फुटला, "गेट!"

नियम म्हणजे नियम. मी फाटक सताड उघडलं. त्यातून कुणीच बाहेर आलं नाही. कालवड आपल्या बहिणींत उभी राहून रवंथ करत होती. पंचांनी चाबूक वाजवला, म्हणजे बाद.

लोक पोट धरून हसत होते. डॉक्टरनं ट्रेलरचं दार लावून घेतलं. "सॉरी हं, लेस्टर. मला वाटलं होतं चांगली घोडी असेल."

"खोटी निघाली हो!" लेस्टर सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडत खाली उतरला. नाचता येईना, अंगण वाकडं. "असली घोडी मला फुकट दिली तरी नको!"

"मग मला दे," डोरीन म्हणाली. "कागदासकट. सगळे ऐकतायत."

"घे! घे, ने ती कटकट!" त्यानं लगाम तिच्या अंगावर फेकला. तिनं तो झेलला, मनगटाला गुंडाळला आणि टिलीच्या मानेवरून हात फिरवला. ती वळून चालायला लागली तेव्हा कुठे लेस्टरला खरं दुखणं आठवलं, आणि पाच पंच, पन्नास स्वार आणि आख्ख्या चहाच्या तंबूसमोर तो किंचाळला, "पण तू हॅट का नाही काढलीस?"

पबमध्ये त्याच्याकडून मांड्यांचे धडे घेतलेले सगळे जण माना वळवून त्याच्याकडे बघायला लागले.

"ऊन होतं," डोरीन म्हणाली.