जळबाची अर्धी बाज

गोजरबाईच्या नाकावर राग असतो, हे कुरुंद्यात कुणाला सांगावं लागत नाही. पण नवऱ्याला अर्धांग झाल्यावर दोन महिने तिला जो राग आला, तो नेहमीचा नव्हता. तो चांगल्या माणसांवरचा राग होता, आणि चांगल्या माणसांवर रागावणं फार अवघड. धड शिवीही देता येत नाही.

रोज कुणी ना कुणी भेटायला यायचं. बिस्किटाचा पुडा घेऊन जळबाच्या पायगतीला बसायचं आणि जळबाला ऐकूच येत नाही असं धरून बोलायचं. "आमच्या मेव्हण्याला असंच झालतं. आठ दिस राहिला." उठताना मात्र सगळ्यांचं एकच, "आता आराम करू द्या. लई केलं बिचाऱ्यानं." जळबाला सगळं ऐकू येत होतं. गेलं होतं ते बोलणं आणि उजवं अंग. काहीही विचारा, तो "हां" म्हणायचा. पाणी पाहिजे का, हां. नको का, हां. त्यावर लोक म्हणायचे, किती शांत झाला हो माणूस!

शांत! गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जळबा काय शांत माणूस होता? चाळीस वर्षं त्यानं बाजा विणल्या. कुरुंद्यात बाळंतीण व्हायची असली की तिच्या घरचं माणूस आधी जळबाकडं यायचं, कारण शेकाच्या बाजेला झोळ पडून चालत नाही. विणून झालेली बाज दोन दिवस ताणावर ठेवायची, तोवर तिच्यावर टेकायचं नाही, हा त्याचा कायदा. एकदा गावातला एक बडा माणूस बोलता बोलता टेकला, तर जळबानं त्याला हाताला धरून उठवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "ढुंगण घरी ठेवून येत जा." असा माणूस शांत होतो तेव्हा तो बरा होत नसतो, तो निघालेला असतो. एवढं साधं कुणाला दिसू नये, याचा तिला संताप यायचा.

घरातली तर आणखी चांगली. मुलगा देविदास वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती वाहतो. दमून येतो, तरी बापाचे पाय चेपल्याशिवाय जेवत नाही. सून मिना सासऱ्याला घास भरवते, तोंड पुसते. डावा हात चांगला धडधाकट असताना भरवते. गोजरबाई म्हणाली, "त्यांचं त्यांला खाऊ दे," तर मिनाच्या डोळ्यांत पाणी. "मामा सांडतेत हो आत्या, बघवत न्हाई." सांडू दे की! अन्न सांडलं तर जमीन पुसता येते. पण गावात बातमी अशी पसरली की सून देवमाणूस आणि सासू दगड.

दगड म्हणा, पण हाताला काम नसलं की डोक्याचं काय होतं, हे गोजरबाईला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. तिचं पहिलं पोरगं नऊ महिन्यांचं होऊन तापानं गेलं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ती खात नव्हती, रडतही नव्हती, नुसती भिंतीकडं बघत बसायची. सगळे म्हणाले, पडू द्या तिला. सासूनं मात्र एके दिवशी जुन्या लुगड्यांचा ढीग आणून तिच्यापुढं टाकला आणि म्हणाली, "वाकळ शिव." गोजरबाईला वाटलं, ही बाई आहे का कोण! रागारागानं तिनं सुईत दोरा ओवला. वाकळेचा धावदोरा कडेनं सुरू होतो आणि फिरत फिरत मधे येतो. पहिले चार दिवस तिला टाकेही दिसत नव्हते. मग हात आपोआप चालायला लागला आणि टाका मोजता मोजता श्वास सुरळीत झाला. एका दुपारी तिला एकदम भूक लागली आणि ती भाकर खाता खाता पहिल्यांदा रडली. सासूवरचा तो राग काही गेला नाही, पण सासू बराबर होती हे तिला तेव्हाच कळलं होतं.

जळबा पडला तेव्हा बाज विणत होता. तीही कुणाची नाही, स्वतःची. चाळीस वर्षं गावाच्या बाजा विणल्या आणि घरात मात्र सुतळीला सुतळी बांधलेलं खटारं, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. शेवटी या हळदीच्या हंगामात त्यानं बाभळीची चौकट ठोकली, अंबाडीची दोरी आणली आणि विणायला घेतली. निम्मी झाली आणि हातातून दोरी गळाली. ती अर्धी बाज तशीच ओसरीवर उभी राहिली.

आता जळबाच्या घराण्यात एक रीत आहे. बाज ज्या हातानं सुरू केली त्याच हातानं संपवायची. तो हात थांबला तर दोरी पहिल्या गाठीपर्यंत सोडायची, पण दुसरा हात मधे घालायचा नाही. यात देवाधर्माचं काही नाही. प्रत्येक हाताचा ताण निराळा असतो, आणि जिथं हात बदलतो तिथं वर्षाच्या आत झोळ पडतो. गावानं मात्र त्या बाजेत भलतंच पाहिलं. अर्धी बाज घरात म्हणजे माणूस अर्ध्यातून जाणार. शेजारणी देविदासच्या कानाशी लागल्या.

वसमतच्या दवाखान्यातून दीक्षा नावाची मुलगी दर गुरुवारी गावात यायची, अशा माणसांचे व्यायाम घ्यायला. तिनं जळबाच्या उजव्या हातात एक मऊ चेंडू दिला होता. रोज शंभरदा दाबायचा. जळबा चेंडूकडं बघायचा आणि तो मांडीवरून घरंगळून जायचा. देविदास उचलून द्यायचा. पुन्हा घरंगळायचा. दोन महिन्यांत चेंडू फिरून आला, हात होता तिथंच राहिला.

मग तो बाजाराचा दिवस आला. गोजरबाई मीठमिरची घेऊन परतली तर ओसरीवर चार माणसं हसत उभी. देविदासनं शेजारच्या गावातला एक विणकर बोलावून बाज पुरी करून घेतली होती. मायला बरं वाटावं म्हणून न सांगता. वर नवी चादर अंथरून जळबाला तिच्यावर निजवलंही होतं.

"बघ माय," देविदास म्हणाला, "बा आता स्वतःच्या बाजंवर झोपले. अपशकुनपण मिटला."

जळबा छताकडं बघत होता. त्याचा डावा हात चादरीखाली होता. गोजरबाईनं चादर उचलली. जिथं त्याची वीण संपून परक्याची सुरू झाली होती, नेमकं तिथं त्याचं बोट अडकून बसलं होतं. डोळ्यांतून पाणी कानावर ओघळत होतं.

"आनंदाचं पाणी हाय ते," मिना म्हणाली.

गोजरबाईनं पिशवी खाली टाकली. "उचल तुझ्या बापाला."

"माय, आत्ताच तर..."

"उचल म्हणते न्हवं! वाकळेवर निजव."

जळबाला खाली घेतल्यावर ती बाजेपुढं बसली. विळा हाताशी होता, पण दोरी कापणाऱ्यांतली ती नव्हे. तिनं शेवटची गाठ दातानं ढिली केली आणि दोरी ओढत सुटली. परक्याची वीण सुटली, आणि तिथं ती थांबली नाही. रीतीप्रमाणं नवऱ्याचीही सोडली. हाताची सालटं निघाली. बघता बघता पुढ्यात नुसती चौकट राहिली.

"येडी झालीस का गं तू?" देविदास ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो आईवर ओरडला. "अपशकुन होता म्हणून केलं ना मी! काय वाईट केलं?"

"तू तुझ्या बापाला जित्तेपणी सांगितलंस की तुझा हात संपला," गोजरबाई म्हणाली. "यमानं सांगितलं न्हाई आजून. तू काहून सांगून राहिला?"

देविदास घराबाहेर गेला. शेजारणींना आठवडाभर पुरेल एवढं बोलायला मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जळबाला भिंतीला टेकवून बसवलं, चौकट त्याच्या गुडघ्यापाशी आणली आणि दोरीचं टोक उजव्या हातात दिलं. टोक पडलं. तिनं दिलं. पडलं. तिनं दिलं. रीत अशी की विणीला दुसरा हात लागायचा नाही, म्हणून ती पडलेलं टोक तेवढं उचलून द्यायची, बाकी हात बांधून बसायची. डाव्या हातानं तो दोरी गात्यावरून, चौकटीच्या आडव्या लाकडावरून घ्यायचा आणि उजव्या अंगठ्यानं दाबून धरायला बघायचा. अंगठा ऐकत नव्हता. दोरी सुटायची आणि सगळा ताण जायचा. त्या दिवशी दुपारपर्यंत एक फेरा झाला, तोही ढिला. तिला त्या अंगठ्याचा इतका राग आला की तिनं उठून चुलीवरचं पातेलं विनाकारण आपटलं.

गुरुवारी दीक्षा आली आणि दारातच थांबली. जळबा वाकून बसला होता. डाव्या हातानं दोरी उचलताना ओठ हलत होते. "दोन," तो पुटपुटला. दोरी खाली घातली. "दोन."

"मावशी, हे कधीपासून बोलायला लागले?"

"परवापासून. तेवढंच येतंय. दोन वर, दोन खाली."

दीक्षा खाली बसली. ती म्हणाली, बोलायची जागा मेंदूत एकीकडं असते, पण हजारदा म्हटलेली मोजणी, जुनी गाणी, शिव्या या दुसऱ्या वाटांनीही बाहेर येतात. हात जुन्या चालीनं चालला की तो त्या मोजणीला ओढून आणतो. बुजलेल्या रस्त्याशेजारी मेंदू नवी पायवाट पाडतो, पण ती रोज चालून पडते, आणि चालायला कारण लागतं. "चेंडूत त्यांना काही कारणच नव्हतं, मावशी."

"मग दोन महिने चेंडू काहून दिलास?"

दीक्षा खाली बघून म्हणाली, "आम्हाला तेच शिकवलं. ते कोण आहेत, हे मी विचारलंच नाही."

गोजरबाईला तिला झापायचं होतं. पण पोरगी खरं बोलली होती आणि तेवढ्यापुरता तरी राग गिळावा लागला. "मोटा चमत्कार झाल्यावानी बोलू नको," ती म्हणाली. "बोट न्हाई वळत आजून."

ते खरंच होतं. महिना गेला तरी करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट मेल्यागतच होतं. पण अंगठा दाबायला शिकला. तीन वेळा वीण चुकली, तीनदा त्यानं स्वतः सोडली. देविदास दोन आठवडे आईशी बोलला नाही. मग एके दिवशी मोंढ्यातून येताना दोरीचा एक गुंडा घेऊन आला आणि ओसरीवर ठेवला. मिनानं घास भरवणं सोडलं, कारण जेवताना सासऱ्याचं लक्ष ताटात नसायचं. डाव्या हातानं पटापट खाऊन तो चौकटीकडं खूण करायचा.

डोक्याकडचा एक कोपरा राहिला होता. तिथं दोरी गात्याखालून ओढून घट्ट आवळायची असते आणि ते एका हाताचं काम नाही. जळबा तीन दिवस त्या कोपऱ्याशी झटत होता. कपाळावर घाम, तोंडातून लाळ, अंगठा थरथरतोय. चौथ्या दिवशी दुपारी तो दमून तिथंच भिंतीशी डोळे मिटून पडला. गोजरबाईनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या हाताला फोड आले होते. एकच तर ओळ, ती मनात म्हणाली. तिनं इकडंतिकडं पाहिलं, पाय गात्याला लावला, दोरी ओढली, कोपरा आवळला आणि गाठ मारली. मग काही झालंच नाही अशा तोंडानं तांदूळ निवडायला बसली.

जळबा उठला. नेहमीसारखा डावा तळवा विणीवरून फिरवत आला आणि कोपऱ्यापाशी थांबला. पुन्हा फिरवला. गाठ चाचपली. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. दातात धरून, अंगठा खुपसून त्यानं ती गाठ सोडली आणि दोरी झटकून खाली टाकली.

"कुणी," तो म्हणाला. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ. "कुणी... लावला... हात?"

गोजरबाईच्या हातातलं सूप कलंडलं. तांदूळ ओसरीभर झाले. इतके महिने ती गावावर, पोरावर, सुनेवर रागावली होती, आणि वेळ आली तेव्हा तिनंही तेच केलं होतं. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"मीच," ती म्हणाली.

"माझी... बाज हाय!" जळबानं चौकटीवर थाप मारली. "तुझ्या... बापाची... न्हाई! टवळे! हात... लावू... नको!"

आरडाओरडा ऐकून मिना आतून धावत आली. शेजारच्या दोघी कुंपणाशी आल्या. "मामा बोलले! अगं बाई, मामा बोलले!" म्हणत मिना रडायला लागली. एक शेजारीण जळबाला म्हणाली, "शांत व्हा भाऊ, तकलीफ होईल."

गोजरबाई ताडकन उठली. तिचे गाल ओले होते आणि आवाज गावभर जाईल असा होता.

"कुणी मधी बोलू नका! ते मला बोलून राहिलेत."