अंधारातली डिश

मांडवीच्या मासळी बाजारात बांगडे घेताना आमच्या प्रयोगशाळेतले सर प्रत्येक माशाचा कल्ला उघडून बघतात. कोळीण वैतागते. "ताजेच आहेत हो," म्हणते, तरी ते पुढचा उचलतात.

कामातही तसेच. ते पेशींना एका चरबीचे रेणू देतात, पण रेणूवर रासायनिक टोपण बसवलेलं असतं. निळा उजेड पडला की टोपण निघतं आणि तो रेणू पेशीत काय करतो ते कळतं. म्हणून खोलीत लाल दिवा, आणि मी आत शिरले की, "दार ओढून घ्या आधी, मॅडम." एक डिश मात्र शेवटपर्यंत अंधारात ठेवायची. तिच्यात काही घडता कामा नये; घडलं तर उजेडातल्या डिशमधला बदल टोपण निघाल्यामुळेच झाला, असं म्हणता येत नाही.

परवा त्या डिशमधल्या पेशीही उजेडातल्यांसारख्याच आक्रसलेल्या दिसल्या. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसले. मग उठून ती डिश त्यांनी स्वतः बेसिनमध्ये रिकामी केली. हे काम ते कधीच करत नाहीत.

काल प्रयोगाचे निकाल बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "आणि अंधारातली?"

"तिच्यात काही झालं नाही," म्हणत सर चष्मा पुसू लागले.

संध्याकाळी ते मांडवीला भेटले. बांगड्याचा कल्ला उघडून मला दाखवत म्हणाले, "बघून घ्यावं हो मॅडम. कुणाचा काय भरवसा."