कोणाच्याच शिवेत नसलेली दवाशाळा

ज्या सालात वऱ्हाडच्या कापसानं सोन्याशी बरोबरी केली, त्या सालात सावळखेडच्या एका शेतकऱ्यानं गाडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या. चांदी पडली मऊ आणि रस्ता मुरमाचा. अमरावतीचा बाजार येईस्तोवर निम्मी चांदी रस्त्यानं खाल्ली, आणि मागचे गाडीवान बैलांकडं बघायचं सोडून खाली बघत चालले. दूर अमेरिकेत भाऊभाऊ एकमेकांवर बंदुका रोखून बसले होते म्हणून इकडं कापसाला हा भाव, असं अडत्ये सांगत. गावच्या म्हाताऱ्यांना ते पटत नसे. दुसऱ्याच्या घरच्या भांडणावर आलेली बरकत धार्जिणी होत नाही, एवढंच ते म्हणत.

या सावळखेडच्या खुशालराव पाटलाचा एकुलता मुलगा सूर्यभान. शेतात त्याचं मन नव्हतं, पण बैलाचा मोडलेला पाय तो असा बांधी की बैल पुन्हा औताला चाले. तेव्हा नांदगाव खंडेश्वराच्या वाटेवरच्या माळावर गोपाळकृष्णशास्त्री नावाच्या अकोल्याच्या वैद्यानं दवाशाळा काढली होती, आणि आसपासच्या प्रत्येक गावानं एकेक माणूस शिकायला द्यावा, असं ठरलं होतं. सावळखेडचा माणूस म्हणून सूर्यभान गेला.

"घरी बैलं बिघडवते," खुशालराव पंचांना म्हणाले, "तिकडं मानसं बिघडवन. लेकाची तेवढीच बढती."

दवाशाळा कसली, कुडाची एक लांब पडवी, चार कडुलिंब, खल-बत्ते आणि एक विहीर. पण शास्त्र्यांनी जागा निवडली होती मोठ्या विचारानं. शेठ लोक अमरावतीत माडी द्यायला तयार होते, ती त्यांनी घेतली नाही. सरकारकडं हात पसरला नाही. तीन गावांच्या शिवा जिथं संपत आणि एकाचीही सुरू होत नसे, असा माळ त्यांनी धरला. "जो जागा देईल तो उद्या वैद्यही माझाच म्हणेल," ते सांगत. "ही शाळा सगळ्यांची, म्हणून कोणाचीच नाही."

शास्त्र्यांचा एक नेम होता. जो काढा रोग्याला द्यायचा, तो शिकणाऱ्यानं आधी स्वतः प्यायचा, तोंड वाकडं न करता. सूर्यभानाची बायको कौशल्या पहिल्यांदा माळावर आली ती नेमकी तो काढा पीत असताना. नवऱ्याचं तोंड पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

"हसून राहिली का?" सूर्यभान म्हणाला.

"नाई बाप्पा. माह्या हातचं वांगं खाताना बी असंच तोंड असते तुमचं."

त्या उन्हाळ्यात कौशल्या पोटुशी होती. तिच्या माहेरी पटकी शिरली होती, म्हणून बाळंतपणाला तिला तिकडं न धाडता सूर्यभानानं शाळेतच आणून ठेवलं. पटकी म्हणजे हगवण-ओकारीची साथ, सकाळचं माणूस संध्याकाळी नेणारी. ती कापसाच्या गाड्यांबरोबर आली, कोणी म्हणे आगगाडीच्या कामावरच्या मजुरांबरोबर आली. सावळखेडात ती अशी आली: अमरावतीहून एक गाडी परतली. बैल ओळखीच्या वाटेनं आपसूक घरी आले आणि गोठ्यापुढं उभे राहिले. गाडीवान रिकाम्या बोऱ्यांवर झोपलेला दिसत होता. बायकोनं त्याला दोनदा हाक मारली.

मग गावोगाव मरीआईचा गाडा निघू लागला. लाकडाचा हातगाडा, त्यात देवीचा मुखवटा, लिंबं, दहीभात, हिरव्या बांगड्या, आणि ज्या घरात दुखणं त्या घरातलं एकेक वस्त्र. गावानं तो वाजतगाजत ओढायचा आणि आपल्या शिवेबाहेर सोडायचा. पुढल्या गावानं तिथून उचलायचा आणि आपल्या शिवेपार करायचा. देवी अशी पुढं पुढं जाते, हा रिवाज. पण त्या साली हरेक गावानं शिवेवर काठ्यावाले बसवले. आलेला गाडा कोणी उचलेना, उलट धोंडे मारी. देवी हिंडत राहिली आणि माणसं मरत राहिली.

तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं की एक जागा अशी आहे, जी कोणाच्याच शिवेत नाही.

ही बातमी शाळेत आली तेव्हा शास्त्री आधी हसले, मग पडवीकडं बघू लागले. पडवीत दहा गावची दुखणाईत माणसं पडली होती. सगळ्यांना एकाच विहिरीचं पाणी उकळून मिळत होतं, आणि जी काही माणसं उठून बसत होती ती त्या पाण्यावरच. गाडे आले की ओकारीनं भरलेली वस्त्रं विहिरीच्या कडेला पडणार. पाणी बिघडलं तर शाळा संपली. शास्त्री तिन्ही गावं पायी फिरून आले. पाणी, वारा, जमीन कशी बिघडते ते त्यांनी पोथीतून सांगितलं. लोकांनी पाया पडून ऐकलं.

"तुमचं खरंच आहे, महाराज," एक म्हातारी म्हणाली. "पन आमी देवीले ठिवाव कुठं?"

परवाचा दिवस अमावास्येचा. तिन्ही गावचे गाडे त्याच दिवशी निघणार होते.

आदल्या दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सूर्यभान एक बैल आणि पहार घेऊन निघाला. सावळखेडच्या शिवेचा दगड शाळेच्या अलीकडं, बोरीच्या झुडपाखाली होता. गुडघाभर उंच, शेंदूर फासलेला. शिवेचा दगड जो हलवील त्याचा निर्वंश होतो, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही जाणतं. सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून डोकी फोडतील, पण शिवेच्या दगडाला बोट लावणार नाहीत. सूर्यभानानं पहार घातली. दगड निघाला तेव्हा खालची माती ओली आणि काळी होती, विंचवाची पिल्लं त्यातून पांगली. बैलाकडून ओढत ओढत त्यानं तो शाळेच्या पार पलीकडं नेला आणि तिथं पुरला. आता दवाशाळा सावळखेडच्या शिवेत आली.

परतला तेव्हा कौशल्या दारात उभी होती. त्याच्या हातांचा शेंदूर तिनं पाहिला, बैलाकडं पाहिलं, आणि आपोआप तिचा हात पोटावर गेला.

"दुसरं काई सुचलं नाई का तुमाले?"

"नाई."

तिनं हातावर पाणी घातलं. शेंदूर निघता निघेना.

दुसऱ्या दिवशी डफ वाजवत तिन्हीकडून गाडे आले. सावळखेडच्या गाड्याला पुढं स्वतः खुशालराव जुंपलेले, उघडे, कपाळभर भंडारा. बोरीखालचा खड्डा पाहून ते थांबले. मग त्यांना पलीकडं उन्हात शेंदूर दिसला. डफ एकेक करून थांबले. पलीकडच्या दोन्ही गावांची माणसं नव्या जागेवरच्या दगडापाशी उभी राहिली, पण पाऊल पुढं टाकायला कोणी धजेना. दगड ओलांडून गाडा सोडला तर तो सावळखेडवर सोडल्यासारखा, आणि काठ्या सावळखेडकडंही होत्या. दगड उपटून मागं न्यावा, तर हात लावणार कोण?

"कोनं हलवला?" पलीकडून विचारणा झाली.

सूर्यभान पडवीतून पुढं आला. त्यानं तोंड उघडायच्या आत खुशालराव बोलले.

"मी हलवला. पाटील आहो मी. माह्या गावची शिव कुठं हे मले सांगाले कोनाची गरज नाई."

गर्दीतनं कोणी म्हणालं, "पाटील, वंश हाय ना तुमाले?"

"हाय ना. हा काय उभा."

दोन्ही गाडे वळले. आपला गाडा आपल्याच शिवेत ठेवता येत नाही, म्हणून सावळखेडवाल्यांनी तो आगगाडीसाठी खोदलेल्या मुरमाच्या कोरड्या खदानीत नेऊन पुरला. ती जमीन सरकारची. सरकारला देवी झेपेल, अशी थट्टाही कोणी केली. कोणी हसलं नाही.

जाण्याआधी खुशालरावांनी मुलाला लिंबाखाली बोलावलं होतं.

"कावून खोटं बोलले तुमी?" सूर्यभान म्हणाला.

"हिशेब सोपा हाय. तू हलवला म्हनलं तं शाप पोटातल्या लेकरावर जाते. मी हलवला म्हनलं तं तुह्यावर येते. तू मोठा आहेस, तुले सोसन." ते जायला वळले. "सांभाळून राय बे."

गाडा ओढून आल्यावर खुशालरावांना त्याच आठवड्यात पटकीनं धरलं. त्यांना शाळेतच आणलं. सूर्यभान काढा आधी स्वतः प्याला, मग त्यानं तो बापाच्या तोंडाला लावला. म्हातारा म्हणाला, "तोंड वाकडं नको करू," आणि गेला. गाड्यातल्या वस्त्रांनी नेलं, हे शास्त्री जाणत होते. गाव म्हणालं, हलवणारा गेला, आता वंशाची पाळी.

कौशल्येला मुलगी झाली. जमुना. शाळेची विहीर नासली नाही. काही वर्षं पलीकडची दोन गावं शिकायला माणूस देईनात, शाळा सावळखेडची झाली म्हणून; पण दुखलं की येत. शास्त्र्यांमागं शाळा सूर्यभानानंच चालवली. साथ जिथं जिथं उठे तिथं तो सगळ्यांत आधी पोचे, आधी आत शिरे. लोक म्हणत, भीतीच नाही या माणसाला.

त्याला साधा तापसुद्धा येत नसे. बरोबरचे शिकलेले गेले, कौशल्येचे भाऊ गेले, त्याच्या दाढीला पांढरी आली, आणि तो मात्र उभा. रोज सकाळी रोग्यांच्या आधी तो स्वतःची नाडी बघे, बराच वेळ, बापानं त्याच्यावर ओढलेलं आलं का म्हणून.

"आजबी ठीक हाय," तो कौशल्येला सांगे. एखाद्या घरी वाईट निरोप द्यायला गेल्यासारखा त्याचा आवाज असे.

मग अंगणाकडं वळून तो जमुनेच्या लेकरांना हाक मारी. खेळ सोडून ती येत, रांगेनं उभी राहत, आणि आजोबा एकेकाचं मनगट हातात घेत.