वीत्स्केबाईंची कूस

वीत्स्के हुक्स्ट्राबाईंनी लेउवार्डन शहरातल्या शाळेत जन्मभर शिवण शिकवलं आणि जन्मभर कोणाचंही ऐकलं नाही. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या छातीवर बिस्किटाएवढं यंत्र चिकटवलं. बाई किती वेळ एकाच कुशीवर पडून आहेत ते पाहून ते अंगाला जखम होणार की नाही, याचं भविष्य सांगायचं. थोर यंत्र! फक्त बाईंना कूस बदलायला लावणं तेवढं त्याला जमत नव्हतं. त्या किरकोळ कामासाठी यॉरिट नावाचा नर्स होता. जखम झाली नाही तर शनिवारी घरी, झाली तर दवाखान्यातला मुक्काम वाढणार. बाईंचा जीव घराकडे लागला होता.

त्यातच वाढदिवस आला. पाहुण्यांनी तिकडच्या रीतीप्रमाणे पलंगाभोवती गोल धरला, गुलाबी आयसिंगचा केक मांडीवर घेतला आणि प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं, जणू सगळ्यांनी मिळून बाईंना जन्म दिला होता. खिडकीशी येऊन बसली धाकटी बहीण हिल्त्ये. आईच्या अंत्यविधीला तिने बाईंच्या कॉफीला पाणचट म्हटलं होतं, तेव्हापासून दोघींचा अबोला. एवढ्या घोर अपराधाला क्षमा कुठली? बाई दाराकडे तोंड करून पडून राहिल्या.

यॉरिटच्या खिशातला फोन वाजला. "बाई, यंत्र ओरडतंय. खिडकीकडे वळा."

"पाहुण्यांकडे पाठ करू?"

"खिडकीशी पाहुणीच बसलीय की!"

"म्हणूनच."

सगळे एकदम केकमध्ये गुंतले.

"कातडी लाल झालीय. शनिवार विसरा मग," यॉरिट म्हणाला.

"वळ गं ताई," खिडकीकडून आवाज आला. "माझं तोंड बघायचं नसेल तर डोळे मिट."

बाईंनी खरोखरच डोळे मिटले. यॉरिटने उशा लावून त्यांना वळवलं. मग न राहवून त्यांनी डोळे उघडले. हिल्त्ये पार म्हातारी झाली होती.

"किती वाळलीस गं!"

"तू बघितलंस कधी?"

केक संपला, पाहुणे गेले, हिल्त्ये मात्र बसून होती. पुन्हा फोन वाजला.

"आता दाराकडे," यॉरिट म्हणाला.

"आत्ता नाही."

"आता काय झालं?"

"ही बसलीय ना अजून!"

यॉरिटने कपाळाला हात लावला. हिल्त्ये काठी टेकत उठली, खुर्ची ओढत ओढत पलंगाला वळसा घातला आणि दाराच्या बाजूला जाऊन बसली.